कॅमेऱ्याची खरी पारख

परदेशवारीसाठी छोटा कॅमेरा घेताना आपण मेगापिक्सेल विचारतो. त्याने काय टिपायचे, हा प्रश्न राहूनच जातो. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके १९१२ मध्ये चित्रपटसामग्रीसाठी लंडनला गेले व त्यांनी विल्यमसन कॅमेरा निवडला. चित्रणाचे तंत्र दाखवण्यासाठी त्यांनी टिपला तो कुंडीतला वाटाणा! महिनाभराची वाढ सुमारे एका मिनिटाच्या चित्रपटात आली. सेकंदाला १६ चित्रे धरली, तर एकूण ९६०. म्हणजे दिवसाला ३२. त्यात कथा नाही, पात्र एकच; पण डोळ्यांना न जाणवणारी गती तो दाखवतो. विज्ञानशिक्षकाला तो 'राजा हरिश्चंद्र'इतकाच मोलाचा वाटावा. म्हणून कॅमेरा निवडताना विचारा : तो स्टँडवर बसतो का? ठरावीक वेळाने आपोआप चित्रे घेतो का? असा कॅमेरा प्रवासानंतरही वर्गात उपयोगी पडेल.