रक्ताचं नातं आणि पुराव्याचं नातं : ॲन हचिन्सनच्या एका चरित्राविषयी

ईव्ह लाप्लांट यांचं 'अमेरिकन जेझेबेल' हे पुस्तक २००४ साली निघालं. त्याची चरित्रनायिका ॲन हचिन्सन ही सतराव्या शतकातल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीतली एक प्युरिटन बाई, आणि लाप्लांट तिच्या थेट वंशज. तेव्हा हे चरित्रही आहे आणि पूर्वजशोधही. मला प्रश्न पडतो तो असा : आपण वंशज आहोत, एवढ्यानं चरित्रकाराला इतरांहून जास्त काही कळतं का?

आधी हकिकत थोडक्यात सांगतो. ॲनचा बाप्तिस्मा १५९१ साली इंग्लंडमधल्या अल्फोर्ड गावी झाला. वडील धर्मोपदेशक, आणि वरिष्ठांवर टीका केली म्हणून १५७८ साली स्वतः चौकशीला सामोरे गेलेले. १६१२ साली विल्यम हचिन्सनशी तिचं लग्न झालं, पुढे १५ बाळंतपणं झाली. १६३४ साली हे कुटुंब बोस्टनला आलं. ती सुईणपण करी, आणि घरी बायका जमवून रविवारच्या प्रवचनावर बोले. हळूहळू पुरुषही येऊ लागले. नोव्हेंबर १६३७ मध्ये गव्हर्नर जॉन विंथ्रॉप यांच्या अध्यक्षतेखाली तिच्यावर खटला चालला आणि हद्दपारीची शिक्षा झाली. मार्च १६३८ मध्ये चर्चनेही तिला बहिष्कृत केलं.

आता वाद कशाचा होता, ते नीट समजून घ्यायला हवं. प्युरिटन मतानुसार माणूस तरतो तो केवळ ईश्वरी कृपेने, स्वतःच्या कर्मानं नाही. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पण माझ्यावर कृपा झाली आहे हे मी ओळखायचं कसं? बहुतेक उपदेशक म्हणत, शुद्ध आचरण ही त्याची खूण. ॲन म्हणे, तसं मानलंत की तुम्ही कृपेचा करार सोडून मागच्या दारानं कर्मांचा करार आत घेतलात. खात्री आतूनच यायला हवी. आपल्याला इथे ज्ञान आणि कर्माचा जुना वाद आठवेल, पण साम्य वरवरचं आहे. तिथे प्रश्न मोक्ष कशानं मिळतो हा आहे. इथे मिळवण्यासारखं काहीच माणसाच्या हाती नाही, उरतो तो फक्त प्रमाणाचा प्रश्न. आणि ज्या वसाहतीत चर्चचं सभासदत्व आणि पुरुषांचा मताधिकार एकमेकांना बांधलेले होते, तिथे हा प्रश्न थेट राज्यकारभाराचा झाला. आतल्या साक्षीची उलटतपासणी न्यायालय करणार कशी?

लाप्लांट यांचं खरं यश हे, की त्या वाचकाला या खटल्यात नेऊन बसवतात. ४६ वर्षांची बाई विचारते, मी कोणता कायदा मोडला? विंथ्रॉप आईवडिलांचा मान राखण्याची आज्ञा पुढे करतात. म्हणजे राज्यकर्ते हे मायबाप! ती बायबलचाच दाखला देते, की वडीलधाऱ्या स्त्रियांनी तरुणींना शिकवावं. उपदेशकांनी शपथेवर साक्ष द्यावी, असा आग्रह धरते. पहिला दिवस ती जवळजवळ जिंकते. दुसऱ्या दिवशी मात्र आपल्याला थेट ईश्वरी साक्षात्कार होतो, असं तीच सांगते, आणि फिर्यादीचं काम सोपं होऊन जातं.

पण बघा, तिच्या हातची एक ओळही शिल्लक नाही. जे आहे ते विरोधकांच्या दप्तरातून आलेलं. 'जेझेबेल' हा शब्दसुद्धा विंथ्रॉप यांचाच. वडिलांनी आपल्या चौकशीचे सवालजबाब लिहून ठेवले होते. ते या मुलीनं लहानपणी आत्मसात केले, असं चित्र लाप्लांट उभं करतात. शक्य आहे, पटतंही. तरी अशा जागी वाचकानं थांबून विचारावं, की हे कागदावर आहे, की नात्याच्या ओढीनं भरलेली ही रिकामी जागा आहे?

दुसरा आक्षेप उपशीर्षकाला. 'प्युरिटनांना आव्हान देणारी स्त्री' असं ते सांगतं. अहो, ती स्वतःच प्युरिटन होती, आणि बाकीचे पुरेसे प्युरिटन नाहीत ही तिची तक्रार होती! धर्मस्वातंत्र्य सर्वांना द्या, असं तिचं म्हणणं त्या खटल्यात दिसत नाही. आपल्याला आवडेल अशी पणजी घडवण्याचा मोह इथे आवरलेला नाही.

वंशजाचा उपयोग होतो, पण तो वेगळ्या तऱ्हेनं. खटल्याचा वृत्तांत आज आपण वाचतो तो १७६७ साली तिच्या खापरपणतूनं, थॉमस हचिन्सननं, आपल्या इतिहासाच्या दुसऱ्या खंडाला जोडला म्हणून. दोन वर्षं आधी, ऑगस्ट १७६५ मध्ये, दंगलखोर जमावानं त्याचं घर लुटलं आणि त्याची हस्तलिखितं रस्त्यावर फेकली होती. त्यातून हे वाचलं. रक्तानं त्याला जास्त कळलं असं नाही. त्यानं कागद जपला.

आणि रक्त बाजू निवडत नाही. याच लाप्लांट सॅम्युअल सीवॉलच्याही वंशज आहेत. १६९२ च्या सेलममधल्या चेटूक-खटल्यांतला हा न्यायाधीश, ज्यानं १६९७ साली जाहीर पश्चात्ताप केला. त्याच्यावरही त्यांनी पुढे पुस्तक लिहिलं. आरोपी आणि न्यायाधीश एकाच वंशवृक्षावर! बारा पिढ्या मागे गेलं तर त्या एका पिढीत ४०९६ जागा असतात. त्यांतून आपण एक नाव उचलतो, तेव्हा ती निवड आपली असते.

शेवटाकडे येतो. १६४३ साली, डच गव्हर्नर कीफ्टनं मूळ रहिवाशांविरुद्ध छेडलेल्या युद्धात, आजच्या ब्राँक्स भागात ॲन आणि तिची काही मुलं मारली गेली. विंथ्रॉपच्या गोटाला हा ईश्वरी न्याय वाटला. सुझॅना ही लेक तेवढी वाचली, त्या लोकांत काही वर्षं राहिली आणि परत आली. १९८७ साली मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरनं हद्दपारीचा हुकूम रद्द केला. साडेतीनशे वर्षांनी! वंशजांना त्याचं समाधान जरूर वाटावं.

पुस्तक वाचाच, असं मी म्हणेन. मात्र लेखिका ॲनची नातलग आहे म्हणून तिच्यावर जास्त विश्वास टाकू नका आणि कमीही टाकू नका. ॲननं न्यायालयात उपदेशकांकडे शपथेवरची साक्ष मागितली होती. तिच्या चरित्रकाराकडेही आपण तेच मागावं.