घामाला उठाव देणारा चित्रकार

दिवाळीच्या तोंडावर घरोघरी तसबिरी पुसून पुन्हा टांगल्या जातात. त्यांत लक्ष्मी असते, सरस्वती असते. आमच्या चिंचवडहून लोणावळ्याच्या लोकलने निघाले की वाटेत मळवली लागते. तेथे राजा रविवर्म्यांचा छापखाना होता. त्या छापील चित्रांनी देवांना माणसांचे रूप दिले आणि ते आपल्या माजघरात आणून बसवले. परंतु पाळी संपवून, रिकामा डबा हातात घेऊन परतणाऱ्या माणसाला चित्रात मानाची जागा कोणी दिली? मला या प्रश्नाशी पहिले नाव आठवते ते सुधीर पटवर्धनांचे.

पटवर्धन १९४९ साली पुण्यात जन्मले. पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ साली डॉक्टर झाले. पुढे ठाण्यात २००५ पर्यंत त्यांनी क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला आणि तो सांभाळून चित्रे काढली. चित्रकलेची पदवी त्यांच्यापाशी नाही. डॉक्टरची नजर त्यांच्या चित्रांत उतरली, असे सारेच म्हणतात. मला मात्र त्या नजरेतला धोका आधी दिसतो. डॉक्टरपुढे माणूस येतो तो रोगी म्हणून. कामगाराचे चित्रही असेच कणवेचे होऊन बसले असते. तसे झाले नाही, हेच पटवर्धनांचे यश होय.

ते कसे साधले? फ्रेंच चित्रकार सेझान साध्या सफरचंदाला डोंगराचे वजन देई. पटवर्धनांनी ते वजन माणसाच्या खांद्याला, मानेला, मांडीला दिले. लेजेचे कामगार यंत्राच्या नळ्यांसारखे गोल, घोटीव असतात. यांचे कामगार थकतात. ‘इराणी रेस्टॉरंट’ (१९७७) किंवा ‘ट्रेन’ (१९८०) पाहावे. त्या माणसांत कोणी वीर नाही की दीनही नाही. ती आपापली जागा व्यापून आहेत, एवढेच. पण जागा व्यापणे ही शहरात लहान गोष्ट नव्हे!

पुढे ‘टाउन’सारख्या (१९८४) चित्रांत त्यांनी सबंध वस्तीच कवेत घेतली. येथे नजर एका ठिकाणी उभी राहत नाही. एक रस्ता वरून दिसतो, तर दुसरा समोरून. आपण गाव असेच पाहतो, चालत चालत. ‘लोअर परळ’मध्ये (२००१) गिरण्यांच्या जागी उठणारे नवे शहर आहे. या मोठ्या पटांत माणसे लहान होतात, त्यांचे ते जुने वजन मला हरवल्यासारखे वाटते. ही माझी तक्रार आहे खरी. पण चाकणच्या रस्त्यावर, कंपन्यांच्या लांबच लांब भिंतींच्या कडेने चालणारी कंत्राटी पोरे पाहिली की वाटते, चित्रकाराने माणूस लहान केला नाही, तो लहान झालेला त्याने पाहिला.

२००८-०९ साली पटवर्धनांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन चित्रांचे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरवले. चित्र ही मुंबईच्या दालनांची मिरास नव्हे, हे त्यांनी बोलून नव्हे, करून दाखवले.

माझ्या वर्गातल्या मुलांना ‘चित्र काढा’ म्हटले की दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी. ज्यांचे बाप यंत्रावर उभे राहतात, त्या मुलांना बाप चित्रात येऊ शकतो हे सुचतच नाही. ते सुचावे, म्हणून पटवर्धनांची चित्रे घरात यावीत. लक्ष्मीची तसबीर काढण्याचे कारण नाही. शेजारी खिळा ठोकायला जागा असते.