नक्कल आणि सारांश

देवासच्या टेकडीवरील चामुंडामातेचे छायाचित्र गेल्या नवरात्रात एका स्नेह्याने आमच्या मोबाइलवर पाठविले. प्रथमदर्शनी ते निर्दोष वाटले. मोठे करून पाहताच मात्र शेंदराची कड भोवतालच्या रंगात विरघळलेली दिसली, आणि अलंकारांच्या नक्षीच्या जागी लहान लहान चौकोन उमटले.

याचे कारण आमच्याच नेत्रांत आहे. मनुष्याच्या डोळ्यास उजेड-अंधारातील बारीक भेद जितका कळतो, तितका रंगातील कळत नाही. १९९२ साली मान्य झालेली ‘जेपेग’ पद्धती याच उणिवेवर उभी आहे. ती रंगाचा तपशील बहुधा आरंभीच कमी करते; मग चित्राचे आठ-आठ बिंदूंचे चौकोन पाडून, जे सूक्ष्म चढउतार डोळ्यास सहसा जाणवणार नाहीत ते टाकून देते. तिच्या मुळाशी असलेले गणित बंगळुरात जन्मलेल्या नासिर अहमद यांनी दोघा सहकाऱ्यांसह १९७४ साली प्रसिद्ध केले. युक्ती विलक्षण आहे, आणि रोजच्या व्यवहारास पुरेशीही आहे.

आमचा आक्षेप युक्तीस नसून तिच्या फलास नक्कल म्हणण्यास आहे. तो सारांश होय. मूळ कागद नष्ट झाल्यास न्यायालयात खऱ्या नकलेवर भिस्त ठेवता येते. सारांशास ते वजन नाही.

माळव्यातीलच दुसरे उदाहरण पाहावे. धार जिल्ह्यातील बाघच्या लेण्यांतील भित्तिचित्रे झिजत चालली असता, १९२१ साली ग्वाल्हेर संस्थानासाठी नंदलाल बोस, असितकुमार हालदार व सुरेंद्रनाथ कर यांनी त्यांच्या प्रतिकृती केल्या. पुढे १९८२ साली महत्त्वाची मूळ चित्रे भिंतींवरून काढून घ्यावी लागली. त्या चित्रकारांच्या हातूनही काही सुटले असेल. परंतु काय घ्यावे हे त्यांनी भिंतीसमोर उभे राहून ठरविले, आणि त्या निवडीचे उत्तरदायित्व त्यांच्या नावावर आहे. यंत्राची निवड सर्वसाधारण डोळ्याच्या मापाने होते. अभ्यासक तसा पाहत नाही. तो भिंग लावतो. शिवाय असे चित्र बदलून पुनःपुन्हा जतन केले, तर बहुधा प्रत्येक वेळी आणखी काही गळते.

म्हणून देवस्थानांच्या विश्वस्तांस आमची विनंती आहे : भक्तांस पाठविण्यास सारांश खुशाल वापरावा, दप्तरात मात्र काहीही न गाळलेली मूळ प्रतिमाच ठेवावी. शंभर वर्षांनी तीच साक्ष देईल. आज आम्हांस जे दिसत नाही ते निरुपयोगी आहे, असा निकाल पुढील पिढीच्या वतीने देण्याचा अधिकार आम्हांस नाही.