ग्रां प्री बदलली, घाट तोच

मंडळी, टिटवाळ्यात ग्रां प्रीवर बोलायचं, तर मुंबईच्या कंपनीपर्यंत यावंच लागतं. १९४९ साली ही जागतिक स्पर्धा सुरू झाली. मग टू-स्ट्रोकचा जमाना आला. २००२ पासून वरच्या गटात ९९० सीसीच्या फोर-स्ट्रोक आल्या. आता तर गाडीला पंख, आणि सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. जुने चाहते म्हणतात, यात स्वार उरलाच कुठे? आम्हाला हे रडगाणं अर्धवट वाटतं.

कारण बदल खालच्या गटातही झाला ना! २०१२ मध्ये १२५ सीसीच्या टू-स्ट्रोक गेल्या, मोटो३ आली. २५० सीसी, एक सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे आपल्या दारातल्या बाइकच्याच जातीचं इंजिन. आदल्या वर्षी उतरलेली महिंद्रा इथे टिकली, आणि २०१६ मध्ये आसेनला फ्रान्चेस्को बान्याया महिंद्रावर जिंकला. होंडा-केटीएमसमोर, बरं का! हाच पुढे २०२२ आणि २०२३ चा मोटोजीपी विजेता.

आमची तक्रार वेगळी आहे. रेसिंगचं केंद्र इटलीतल्या बेसोझोला, स्वारही तिथलाच, आणि २०१७ अखेर कंपनी बाहेर. मागे काय राहिलं? महाराष्ट्रात ग्रां प्रीच्या दर्जाचा ट्रॅक आजही नाही. आइल ऑफ मॅनच्या रस्त्यावर स्वार मरत होते, म्हणून १९७६ नंतर ती शर्यत जागतिक स्पर्धेतून गेली. आपली पोरं मात्र रविवारी माळशेजच्या वळणावर गाडी झोपवतात, आणि समोरून एसटी येत असते.