आकडे आणि वक्तृत्व

अमेरिकेतल्या सुरुवातीच्या वैद्यकीय लेखनाचा विषय निघाला की विज्ञान आणि धर्म यांची कुस्ती लावून द्यायची रीत आहे. बोस्टनमधली १७२१ ची देवीची साथ पाहिली, की कुस्तीचे पारडे भलत्याच बाजूला झुकते. देवी टोचा, असा आग्रह धरणारा कॉटन मॅदर हा धर्मोपदेशक. त्याला ती युक्ती कळली ओनेसिमस या त्याच्या गुलामाकडून, ज्याला आफ्रिकेतच टोचलेले होते. आणि विरोधात दंड थोपटून उभा राहिला तो विल्यम डग्लस, शहरातला एकमेव पदवीधर डॉक्टर!

मॅदरचे ऐकले ते झब्डिएल बॉइल्स्टन या डॉक्टरने; त्याच्याकडे पदवी नव्हती. २६ जूनला त्याने स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरातल्या गुलाम बापलेकांना टोचले. गाव खवळले, पुढे मॅदरच्या घरात बाँब फेकला गेला. बॉइल्स्टनचे पुस्तक १७२६ मध्ये लंडनला निघाले. ते रुक्ष आहे, वाण्याच्या वहीइतके. कोणाला टोचले, ताप कधी चढला, फोड कधी आले, कोण दगावले. पण त्या नोंदींतूनच निकाल लागतो: साथीत आजारी पडलेल्यांपैकी शेकडा चौदा मेले, टोचलेल्या सुमारे २४० जणांपैकी सहा. डग्लसला मात्र सरसकट खलनायक ठरवू नये. १७३६ मध्ये त्याने घशाच्या साथीच्या रोगाचे जे वर्णन लिहिले, ते निरीक्षण म्हणून आजही वाचावे असे आहे.

डॉक्टर बेंजामिन रश हा या सगळ्यांत खरा लेखक. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, शाळेत बायबल हवेच म्हणून लिहिणारा, गुलामगिरीविरुद्ध लेखणी चालवणारा. १७९३ च्या फिलाडेल्फियातल्या पीतज्वरावरचे त्याचे पुस्तक वाचताना धक्क्यावर कुजणाऱ्या कॉफीचा वास येतो. ओस रस्त्यांवर भेटतात ते डॉक्टर शोधणारे नाहीतर मुडदे पुरणारे. गद्य म्हणून याला तोड नाही. पण उपचार? पाऱ्याचा जुलाब आणि रक्त काढणे, तेही बेसुमार. औषध सापडले ही देवाचीच कृपा, अशी खात्री पटलेल्या माणसाला मेलेल्यांची मोजदाद कशाला हवी? ती केली विल्यम कॉबेट या पत्रकाराने, मृत्यूच्या नोंदी उलगडून. रशने अब्रूनुकसानीचा दावा लावला आणि १४ डिसेंबर १७९९ ला पाच हजार डॉलर जिंकले. त्याच दिवशी, अंगातले भरपूर रक्त काढून झाल्यावर, जॉर्ज वॉशिंग्टन वारला.

मनोविकारांवरचे रशचे १८१२ चे पुस्तकही असेच दुपेडी. वेड्यांना माणसासारखे वागवा म्हणून कळकळीने सांगणाऱ्या या डॉक्टरने त्यांना शांत करायला जी खुर्ची बनवली, तिच्यात हातपाय पट्ट्यांनी आवळलेले आणि डोके पेटीत बंद.

माझ्या मते पीतज्वराच्या त्या साथीवरचा सर्वांत नेमका मजकूर डॉक्टरने लिहिलेलाच नाही. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असे रशने छापले होते आणि त्यांना शुश्रूषेला बोलावले होते. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन हे काळ्या समाजाचे धर्मपुढारी लोकांना घेऊन धावले. रशच्या सांगण्यावरून त्यांनी आठशेहून अधिक रोग्यांचे रक्तही काढले. वर त्यांच्या लोकांवर लुटालुटीचा आळ आला. १७९४ मध्ये या दोघांनी छोटी पुस्तिका काढून त्याला उत्तर दिले. रोग न होण्याच्या दाव्याला त्यांनी दफनाच्या नोंदींतले आकडे दाखवले: १७९२ मध्ये पुरलेले काळे लोक ६७, १७९३ मध्ये ३०५.