सदतीस सेकंदांचें चरित्र

चरित्रकाराची खरी परीक्षा नायकाच्या पराक्रमाच्या वर्णनांत होत नाहीं. पराक्रमाच्या अलीकडचीं ओसाड वर्षें तो कशीं भरून काढतो, तेथें ती होते. अलेक्झांडरचें चरित्र लिहावयास घेतांना प्लूटार्कनें म्हटलें आहे कीं, मोठमोठ्या लढायांपेक्षां एखाद्या लहानशा उद्गारानें किंवा थट्टेनें माणसाचा स्वभाव अधिक उघड होतो. हाच निकष मुरलीकांत पेटकर यांच्या जीवनावर कबीर खान यांनीं काढलेल्या व १४ जून २०२४ रोजीं प्रदर्शित झालेल्या ‘चंदू चॅम्पियन’ या हिंदी चित्रपटास लावून पाहावा, असा विचार आहे. चित्रपटाची चर्चा या पानांत कशाला, अशी शंका कोणी घेईल. त्यांस एवढेंच सांगणें कीं, आपल्या घरांतून आज चरित्रें वाचलीं जातात त्याहून पाहिलीं जातात पुष्कळ. आणि मुलांच्या मनांत जो पेटकर राहणार तो बहुधा पडद्यावरचाच राहणार. मग त्याची पारख करावयास नको काय?

मूळ चरित्र थोडक्यांत असें. पेटकरांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ रोजीं सांगली जिल्ह्यांतील पेठ इस्लामपूर येथें झाला. लहान वयांतच ते सैन्यांत गेले, यंत्रविद्युत् विभागांत कारागीर झाले, आणि मुष्टियुद्धांत नांव मिळवून १९६४ सालीं टोकिओच्या सैनिकी क्रीडास्पर्धांपर्यंत पोहोंचले. १९६५ च्या युद्धांत अंगांत अनेक गोळ्या शिरल्या. पाठीच्या कण्याला इजा झाली आणि कंबरेखालचें शरीर निकामी झालें. मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयांत उपचार म्हणून त्यांस पाण्यांत उतरविण्यांत आलें. १९६८ सालीं तेल अव्हीव येथें ते टेबलटेनिस खेळले, आणि १९७२ च्या ऑगस्टमध्यें हायडेलबर्ग येथील अपंगांच्या जागतिक स्पर्धांत ५० मीटरची फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत पोहून त्यांनीं जागतिक विक्रमासह सुवर्णपदक घेतलें. भारताच्या वांट्यास आलेलें असें हें पहिलें वैयक्तिक सुवर्ण. अभिनव बिंद्रांनीं बीजिंगला नेम धरला तो यानंतर ३६ वर्षांनीं. परंतु सामान्यज्ञानाच्या प्रश्नांत ‘ऑलिम्पिक’ हा एक शब्द घातला कीं उत्तर बिंद्रा येतें आणि पेटकर सहज गळतात. उत्तर चूक नाहीं. प्रश्न मात्र सोयीचा आहे.

आतां चित्रपटाकडे वळूं. दिग्दर्शकानें कथेला दिलेली चौकट चांगली आहे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. एक म्हातारा पोलीसठाण्यांत येतो आणि आपणांस अर्जुन पुरस्कार न दिल्याबद्दल राष्ट्रपतींविरुद्ध तक्रार नोंदवून घ्या म्हणतो. प्लूटार्कला आवडावी अशी ही गोष्ट आहे: विनोदी, हट्टी, आणि खोल कोठें तरी अपमानानें जळणारी. कार्तिक आर्यन यांची शारीरिक मेहनत उघड दिसते. आणि विजय राज यांनीं उभा केलेला कडवट जिभेचा शिक्षक चित्रपट संपल्यावरहि स्मरणांत राहतो.

परंतु येथेंच दोषाचेंहि मूळ आहे. चित्रपटाला पेटकरांच्या आयुष्यासाठीं एकच किल्ली हवी होती, आणि ती त्यानें उपहासांत शोधली. खाशाबा जाधव १९५२ चें हेलसिंकीचें कांस्यपदक घेऊन परततात, तो सत्कार पाहून गांवांतला पोर आपणहि पदक आणणार म्हणतो; लोक हंसतात, ‘चंदू चॅम्पियन’ म्हणून चिडवितात; आणि पुढें सारा जन्म म्हणजे त्या हंसण्याला दिलेलें उत्तर. नाट्याच्या दृष्टीनें ही योजना सुटसुटीत आहे. पण माणसाचें आयुष्य इतकें एकसुती असतें काय? मुष्टियोद्ध्यास पदक हवें असतें हें खरें. परंतु इस्पितळांत पडलेल्या, स्वतः कूस बदलूं न शकणाऱ्या माणसास प्रथम काय हवें असतें? या दोन इच्छांमधलें अंतर हाच या चरित्राचा गाभा आहे. चित्रपटानें पहिलीच इच्छा दुसरीच्या जागीं पुन्हां नेऊन ठेवली, आणि मधली दरी गाण्यांनीं व पार्श्वसंगीतानें बुजविली.

त्यामुळें पाण्याचा विचार करावयास वेळच उरला नाहीं. हें मला सर्वांत खटकलें. जमिनीवर कण्याची दुखापत म्हणजे प्रत्येक क्षणीं कोणाच्या तरी हाताचा आधार. पाण्यांत तें ओझें पाणीच उचलतें. अंथरुणावर जें शरीर परक्याचें वाटत होतें, तें एकाएकीं हलकें होऊन दोन हातांच्या जोरावर पुढें सरकूं लागतें. पण पाणी फुकट कांहीं देत नाहीं. हालचाल नसलेले पाय खालीं जातात, मागें ओढतात, कंबर स्थिर राहत नाहीं, आणि धडधाकट पोहणारा लाथांनीं जो तोल सांभाळतो तो येथें केवळ खांद्यांनीं व मानेनें सांभाळावा लागतो. मुष्टियोद्ध्याचे खांदे येथें कामास आले असतील काय? ठोसा मारणारा हात पाणी कापावयास कसा शिकतो? उपचार कोणत्या दिवशीं संपला आणि शर्यत कोणत्या दिवशीं सुरू झाली? हे प्रश्न तांत्रिक नव्हेत. चरित्र म्हणजे हेच.

हायडेलबर्गचीहि गोष्ट अशीच. या स्पर्धांचे जनक डॉ. लुडविग गुटमन हे ज्यू. नाझी राजवटींतून निसटून १९३९ सालीं ते इंग्लंडांत आले, १९४४ सालीं स्टोक मँडेव्हिल येथें कण्याच्या रुग्णांचा विभाग त्यांनीं सुरू केला, आणि २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनचें ऑलिम्पिक उघडलें त्याच दिवशीं, १६ जखमी सैनिक स्त्रीपुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा इस्पितळाच्या हिरवळीवर भरविली. १९७२ सालीं त्याच स्पर्धा जर्मनींत आल्या. त्या म्यूनिकला व्हावयाच्या. परंतु तेथील खेळाडूंचीं घरें ऑलिम्पिकनंतर लगेच खासगी रहिवाशांस द्यावयाचीं होतीं, म्हणून हायडेलबर्गची निवड झाली. अपंगांच्या सोहळ्यास जागा मिळाली ती अशी, इतरांच्या सोयीनें उरलेली. जर्मनींतून परागंदा झालेल्या वैद्याच्या कल्पनेंतून निघालेली शर्यत, शत्रूच्या गोळीनें पंगु झालेला हिंदी सैनिक जर्मनीच्याच तलावांत जिंकतो, ही घटना एवढी अर्थपूर्ण आहे कीं तिला कोणाच्या टाळ्यांची गरज नाहीं.

आमच्या वाडीला लागूनच तोफगोळे घडविणारा सरकारी कारखाना आहे. गणवेशांतलीं आणि गणवेश उतरविलेलीं माणसें येथें रोज दिसतात. तरीहि जायबंदी सैनिक आमच्या बोलण्यांत येतो तो पुतळ्यांच्या ओळींत, नाहीं तर पेन्शनीच्या रांगेंत. तिसरी जागा त्यास आपण ठेविलेली नाहीं. आणि हें केवळ १९७२ चें नव्हे. नागपुरांत रिझर्व्ह बँकेंत काम करणारी अंध जलतरणपटु कांचनमाला पांडे २०१७ च्या जुलैमध्यें बर्लिनला स्पर्धेस गेली, तेव्हां मंजूर झालेले पैसे तिच्या हातीं पडले नव्हते आणि परक्या शहरांत तिला उसनवारी करावी लागली. तरीहि तिनें तेथें रौप्यपदक घेतलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मेक्सिकोच्या जागतिक स्पर्धेंत २०० मीटर वैयक्तिक मेडलीचें सुवर्ण. मेडली म्हणजे चार तऱ्हांचें पोहणें एका दमांत. पूर्ण अंधांच्या या शर्यतींत सर्वांच्या डोळ्यांवर काळे चष्मे असतात. भिंत जवळ आली कीं कांठावरचा माणूस मऊ टोंकाच्या काठीनें डोक्यास वा पाठीस स्पर्श करतो, आणि त्या एका टोल्यावर विसंबून पूर्ण वेगानें वळावयाचें असतें. वर्तमानपत्रांनीं तिच्या उसनवारीवर स्तंभ भरले. त्या काठीवर कोणी चार ओळी लिहिल्या असत्या तर वाचकाला तिच्या धैर्याची अधिक ओळख झाली असती. दया आणि आश्चर्य या दोन भावनांनीं आपलें समाधान फार लवकर होतें.

न्याय करावयाचा तर चित्रपटाचें एक ऋण मानलेंच पाहिजे. २०१८ सालीं पद्मश्री मिळूनहि पेटकरांचें नांव घरोघर पोहोंचलें नव्हतें. तें या चित्रपटानें पोहोंचविलें. १९८२ सालीं नाकारला गेलेला अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्यें, वयाच्या ८० व्या वर्षीं, राष्ट्रपतींच्या हस्तें त्यांस जीवनगौरव म्हणून देण्यांत आला. कुबड्यांवर चालत ते पुढें आले आणि सभागृह टाळ्यांनीं दुमदुमलें. यांत चित्रपटाचा वांटा किती, हा हिशेब ज्याचा त्यानें करावा. पण त्यामुळें पोलीसठाण्यांतली ती तक्रार आतां निकालांत निघाली आहे. पुढें जो कोणी हें चरित्र लिहावयास बसेल, त्याला तेथून आरंभ करतां येणार नाहीं. त्याला ‘अश्विनी’तल्या तलावाच्या कांठावर जावें लागेल, आणि एका पंचविशीच्या आंतल्या मुष्टियोद्ध्यास चार हातांनीं धरून पाण्यांत उतरवीत आहेत, तेथून लेखणी उचलावी लागेल.