गांधार कुठे गेला?

फ्रेडी किंगनं १९६० साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात ‘हाइडअवे’ ही गिटारची धून ध्वनिमुद्रित केली. सहा वर्षांनी लंडनमध्ये, जॉन मेयॉलच्या ‘ब्लूजब्रेकर्स’बरोबर, एकवीस वर्षांच्या एरिक क्लॅप्टननं तीच धून वाजवली. ही दोन मुद्रणं मी कित्येक वर्षं एकापाठोपाठ एक ऐकत आलो आहे. पट्टी तीच, बांधणी बरीचशी तीच. तरी दुसरं लावलं की खोलीतली हवा बदलते. हा बदल बोटांमुळे जितका होतो, तितकाच गिटारला जोडलेल्या वायरच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या पेटीमुळे होतो. त्या पेटीला आपण नुसतं ‘ॲम्प’ म्हणतो.

किंग अंगठ्यात प्लास्टिकची आणि तर्जनीत धातूची नखी घालून वाजवायचा. त्याचा स्वर टोकदार, कोरडा आणि लगेच विझणारा आहे. संगीतात आपण ज्याला आस म्हणतो, म्हणजे स्वर छेडल्यानंतर मागे रेंगाळणारा त्याचा नाद, ती इथे थोडकी आहे. त्यामुळे पुढचा स्वर वेळेवर यावाच लागतो आणि किंगच्या हाताला एक टपटपणारी, नाचरी चाल मिळते. मध्येच साथ थांबते आणि गिटारवर जॅझच्या वळणाची, अनेक स्वरांची एक कॉर्ड येते. कान देऊन ऐका, त्या कॉर्डमधला प्रत्येक स्वर वेगळा मोजता येतो. स्वच्छ, ज्याला वाजवणारे ‘क्लीन’ म्हणतात त्या टोनचं हे वैभव आहे. तिथे काहीच लपत नाही, चूकही नाही.

क्लॅप्टनच्या मुद्रणात स्वर उमटतो आणि विझायच्या ऐवजी टिकतो, क्वचित फुगतोही. कडेनं त्याला एक खरखरीत झळाळी आहे. धून तीच असली, तरी त्याला घाई करायची गरज उरलेली नाही. तार ओढून स्वर वर नेला की तो वर पोचेपर्यंत जिवंत असतो आणि पोचल्यावर थरथरत उभा राहतो. गिटार इथे गळ्याच्या जवळ आली. स्टुडिओत ॲम्पचा आवाज कमी करायला क्लॅप्टननं नकार दिला होता. स्टेजवर वाजतो तसाच तो वाजला आणि मायक्रोफोन लांब सरकवावा लागला. गिब्सन लेस पॉल गिटार आणि मार्शलचा बारा इंची दोन स्पीकरांचा ॲम्प, एवढ्या सामग्रीतून पुढच्या अर्ध्या शतकाचा रॉक निघाला.

त्या मार्शलचं मूळ पुन्हा अमेरिकेतच आहे. कॅलिफोर्नियात लिओ फेंडरनं बेस गिटारसाठी ‘बासमन’ नावाचा ॲम्प काढला होता. लंडनच्या हॅनवेल भागात जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. आयात केलेले फेंडर इंग्रज पोरांना परवडत नव्हते, म्हणून त्याच्या माणसांनी बासमनचं सर्किट समोर ठेवून, इंग्लंडात मिळणारे भाग लावून आपला ॲम्प तयार केला. फेंडरचा ध्यास स्वच्छतेचा होता. १९६३ मध्ये आलेला त्याचा ट्विन रिव्हर्ब ८५ वॅटचा होता, कान दुखेपर्यंत वाढवला तरी स्वर सहसा फाटत नसे. पण बासमनचा इंग्रज वंशज पूर्ण वाढवला की फाटायचा, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की अजून फाटावा.

फाटतो म्हणजे काय होतं? जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसारखाच हाही ॲम्प सुरू केल्यावर आधी तापावा लागतो. व्हॉल्व्हमध्ये तापलेल्या तंतूजवळून इलेक्ट्रॉन निघतात आणि गिटारकडून आलेला चिमुकला विद्युतदाब त्यांच्या प्रवाहाला झडपेसारखा वळण लावतो. प्रवाहाला वरची मर्यादा आहे आणि खालचीही. गिटारची लहर त्या मर्यादेपेक्षा मोठी झाली की तिचा माथा चेपला जातो. व्हॉल्व्हमध्ये हे चेपणं एकदम होत नाही, हळूहळू होतं. माथा चेपला की मूळ स्वरावर नवे उपस्वर चढतात, ती झाली झळाळी. शिवाय जोरात छेडलेला स्वर मर्यादेपलीकडे मोठा होऊ शकत नाही, आणि तार मंदावली तरी बराच वेळ लहर मर्यादेला टेकलेलीच राहते. कानाला वाटतं, स्वर ओसरतच नाही. आस वाढते ती अशी. क्लॅप्टनच्या त्या लांब स्वरांत गूढ काही नाही. बोटाला ॲम्पनं उधार दिलेला दमसास आहे.

उधारी फेडावी लागते. कशी, ते मला आमच्या घरात कळलं.

माझी भाची गिटार शिकते. एका दुपारी तिनं माझ्या छोट्या व्हॉल्व्हच्या ॲम्पवर गेन, म्हणजे लहर किती चेपायची ते ठरवणारं बटण, पूर्ण वाढवला आणि ‘ए मेजर’ ही पहिल्या महिन्यात शिकवतात ती कॉर्ड छेडली. आवाज आला तो कॉर्डचा नव्हताच, नुसता चिखल. “मामा, स्पीकर बिघडला का?” तिनं घाबरून विचारलं. मी म्हटलं, “बोटं तशीच ठेव. आता पाचवी, चौथी आणि तिसरी, एवढ्याच तारा वाजव.” तिनं वाजवल्या आणि दचकून माझ्याकडे पाहिलं. चिखल गेला होता. एक भला मोठा, खोल, एकसंध नाद खोलीत भरला होता.

पहिल्या वेळी कॉर्डमध्ये षड्ज, गांधार आणि पंचम होते. दुसऱ्या वेळी गांधार गळला. जगभरचे गिटारवादक या उरलेल्या षड्ज-पंचमाला ‘पॉवर कॉर्ड’ म्हणतात. सगळ्या हेवी मेटलचा पाया तोच आहे.

गांधारच का नको होतो? एकट्या स्वराची लहर चेपली की त्याचेच उपस्वर वाढतात, ते गोड लागतं. पण दोन स्वर एकाच व्हॉल्व्हमधून एकदम गेले आणि चेपले गेले, तर त्यांची बेरीज आणि वजाबाकीही ऐकू येऊ लागते. आमच्या ‘ए’ कॉर्डचा षड्ज सेकंदाला ११० कंपनांचा, पंचम सुमारे १६५ चा. वजाबाकी ५५, म्हणजे षड्जाच्या बरोबर एक सप्तक खालचा खर्ज. तो कुणी वाजवलेला नाही, ॲम्पनं घडवलेला आहे. बेरीज २७५. आणि २७५ म्हणजे त्या षड्जाचा वरच्या सप्तकातला शुद्ध गांधार. भाचीनं तो छेडलाच नव्हता. तो आपोआप आला.

हे गणित मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मला आत्याचा मिरजेचा तानपुरा आठवला. जवारी नीट लागली की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गांधार ऐकू यायचा आणि आत्या वाजवता वाजवता डोळे मिटायची. जवारीही शेवटी काय आहे? तारेला घोडीच्या किंचित वक्र पाठीवर घासू द्यायचं, मध्ये सुताचा दोरा सरकवायचा, आणि साध्या तारेचा साधा नाद जाणूनबुजून खरखरीत करायचा, म्हणजे त्याच्या पोटातले उपस्वर बाहेर येतात. जवारीचं कारण वेगळं, व्हॉल्व्हचं वेगळं, हे मला मान्य आहे. तरी पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज अशा लावलेल्या तानपुऱ्याला आणि गेन वाढवलेल्या ॲम्पला एकच जोडी सर्वांत मानवते, यात मला अपार आनंद आहे.

आता त्या चिखलाचं कारण दिसतं. गिटारचे पडदे हार्मोनियमसारखे समान अंतराच्या सप्तकावर बसवलेले असतात. हार्मोनियमच्या गांधाराबद्दल आपल्या गवयांनी वर्षानुवर्षं तक्रार केली आहे, कारण तो स्वयंभू गांधारापेक्षा चढा असतो. २७५ च्या जागी पडद्यावर येतो तो सुमारे २७७. एकीकडे बोटानं दाबलेला गांधार, दुसरीकडे ॲम्पनं स्वतः निर्माण केलेला, आणि दोघांमध्ये सेकंदाला दोनदा धक्काबुक्की. शिवाय दाबलेल्या गांधाराच्या षड्जाशी आणि पंचमाशी होणाऱ्या वजाबाक्या वेगळ्याच, एकमेकींशी न जुळणाऱ्या. स्वच्छ टोनमध्ये हे भांडण कानाआड राहतं. गेन वाढवला की चव्हाट्यावर येतं.

म्हणून ॲम्पचा टोन निवडणं ही मला सजावटीची गोष्ट वाटत नाही. आस हवी असेल तर कॉर्डमधून काहीतरी सोडावं लागतं. कॉर्डमधला प्रत्येक स्वर हवा असेल तर आस सोडावी लागते, आणि मग किंगसारखी बोटं चालावी लागतात. गेनच्या बटणाचा प्रत्येक आकडा वाजवणाऱ्याला विचारतो, गांधार किती ठेवतोस?

या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर माझ्या मते माल्कम यंगनं दिलं. एसी/डीसी या रॉक बँडचा हा तालगिटारवादक, धाकट्या भावाच्या, अँगसच्या मागे, ॲम्पजवळ उभा राहायचा. १९८० च्या ‘बॅक इन ब्लॅक’ची सुरुवात आठवा. ड्रमच्या हाय-हॅटची टिकटिक चालू असते आणि मग ई, डी, ए. तीन कॉर्ड. बहुतेक लोकांच्या आठवणीत हा आवाज प्रचंड फाटलेला असतो. पुन्हा ऐका. गेन आश्चर्य वाटावं इतका कमी आहे. जाड तारा, तारांचं कंपन टिपणारा पिकअप एकच ठेवलेली ग्रेश गिटार, आणि फाटण्याच्या उंबरठ्यावर नेऊन थांबवलेला मार्शल. तो जोरात छेडतो तेव्हा कॉर्ड गुरगुरते, हलकं छेडतो तेव्हा निवळते. फाटणं न फाटणं बटणात नाही, मनगटात आहे. कॉर्ड ओळखू येते, तिचा रंग शाबूत आहे. आणि दोन कॉर्डांमधली ती शांतता! ॲम्पचा गेन जास्त असता तर त्या जागी फुसफुस आणि घरघर ऐकू आली असती. इथे ती जागा खरोखर रिकामी आहे, म्हणून पुढची कॉर्ड दारावर थाप पडावी तशी येते. घरी वाजवणाऱ्यांना हा टोन सापडत नाही, कारण ते गेन वाढवून शोधतात.

उंबरठ्याच्या पलीकडे गेलेल्यांची भाषा वेगळी. मेटालिकाचं ‘मास्टर ऑफ पपेट्स’, १९८६. कोपनहेगनच्या स्वीट सायलेन्स स्टुडिओत मुद्रित झालेल्या या संग्रहात जेम्स हेटफील्डच्या गिटारमागे मेसा बूगी आहे. कॅलिफोर्नियात रँडल स्मिथनं फेंडरचेच छोटे ॲम्प फेरफार करून जन्माला घातलेला हा वंश. एका व्हॉल्व्हनं चेपलेली लहर दुसऱ्यात, दुसऱ्याची तिसऱ्यात, अशी चेपणाऱ्या टप्प्यांची माळ लावली आहे. हलकं छेडा की जोरात, आवाजाची उंची जवळजवळ तीच. मनगटाच्या जोरातून मिळणारा चढ-उतार इथे संपला, कॉर्डचा रंगही बहुतेक संपला. मग हेटफील्डनं काय राखलं? लय. उजव्या तळव्याची कड घोडीजवळ तारांवर टेकवून तो आस मधूनच तोडतो, आणि मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांच्या गतीत एकामागून एक आघात वरून खालीच करतो. ॲम्पनं दिलेली अखंड आस हातानं कापून तिचे तुकडे पाडायचे. पखवाजाच्या परणीसारखं काहीतरी गिटारवर घडतं.

मला या संग्रहाच्या शीर्षकगीतात सर्वांत जास्त ओढ लागते ती साडेतीन मिनिटांच्या सुमारास. सगळा गडगडाट खाली बसतो आणि स्वच्छ टोनमध्ये कॉर्डचे स्वर सुटे सुटे वाजू लागतात. इतका वेळ हद्दपार असलेला गांधार, इथे कोमल, मोकळेपणानं परत आलेला असतो. थोड्या वेळानं त्यावर फाटलेल्या टोनचे लांब स्वर चढतात. एकदम दोन गिटार. एक धून धरते, दुसरी तिच्या तिसऱ्या स्वरावरून सोबत चालते. प्रत्येक गिटार ॲम्पमधून स्वतंत्रपणे आलेली आहे, प्रत्येक व्हॉल्व्हमधून एका वेळी एकच स्वर जातो आहे, त्यामुळे बेरीज-वजाबाकीचं भांडण होण्याची जागाच उरत नाही. आस पूर्ण आहे आणि गांधारही आहे, फक्त तो दुसऱ्या हातात आहे.